भट्टी थंड होती ते वर्ष

ऑफिसात तिला सगळे 'सरासरी' म्हणायचे. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नव्हतं, पण ठेवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. कुणी म्हणालं, "आज फार उकडतंय," की ही लगेच विचारणार, "कशाच्या मानाने?" लिफ्ट बंद पडली की सगळे चरफडत जिना चढायचे, ही चढता चढता सांगायची की मागच्या वर्षी याच्या दुप्पट वेळा बंद पडली होती, म्हणजे तशी सुधारणाच आहे.

ती परिचारिकांच्या पेन्शन फंडात कामाला होती. हजारो नर्सेसनी आयुष्यभर पगारातून कापून दिलेला पैसा तिथे जमा होता. तो कुठल्या कंपनीत ठेवायचा आणि कुठून काढून घ्यायचा, हे बघणाऱ्या चार माणसांत ती सगळ्यात धाकटी. चौथ्या मजल्यावरची एक लांबट खोली, चार टेबलं, आणि खिडकीत एक वाळकं झाड. त्याला पाणी घालायची पाळी कायम दुसऱ्याची असायची.

त्या गुरुवारी सकाळी ती आली तेव्हा खोलीत लग्नघरासारखा गलका चालला होता. काचेच्या बाटल्या बनवणारी एक जुनी कंपनी फंडाकडे होती, म्हणजे तिचे आठ टक्के शेअर फंडाच्या मालकीचे होते. वर्षभर तिचा भाव घसरत नव्वदवर येऊन बसला होता. आणि आज एका बड्या पॅकेजिंग कंपनीने जाहीर केलं होतं की ती ही सगळी कंपनी विकत घेणार, शेअरला एकशेवीस देऊन. अट एकच होती: पुढच्या शुक्रवारपर्यंत निम्म्याहून जास्त शेअर मिळाले पाहिजेत, नाहीतर व्यवहार रद्द.

"नव्वदचे एकशेवीस!" शेजारच्या टेबलावरचा सहकारी खुर्चीतच गिरकी घेत म्हणाला. "गेल्या वर्षी या लोकांनी शेअरमागे नफा किती कमावला माहितेय? चार! चाराच्या तीसपट पैसे देतायत. बाटल्यांच्या कंपनीला तीसपट म्हणजे खुळ्यांचा बाजार. मोजून घ्या आणि मागे वळून बघू नका."

कुणालाच यात शंका घेण्यासारखं काही वाटत नव्हतं. तिलाही नाही. पण बॅग ठेवता ठेवता तिने सवयीने विचारलं, "चार कशाच्या मानाने?"

"झालं हिचं सुरू!" सगळे हसले.

एकटे साहेब हसले नाहीत. साहेब म्हणजे फंडाचे मुख्य. हा माणूस आग लागली तरी आधी चष्मा पुसेल, अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी चष्मा पुसला. "विश्वस्तांची बैठक पुढच्या गुरुवारी आहे. कशाच्या मानाने, ते तूच शोध. सोमवारी मला दाखव."

*

रविवारी सकाळी तिने जेवणाच्या टेबलावर कंपनीचे गेल्या दहा वर्षांचे अहवाल पसरले. नवऱ्याने मुकाट्याने आपला कप उचलला आणि खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिची आत्या होती. आत्याने चौतीस वर्षं वॉर्डात काढली होती. निवृत्तीनंतर ती भाचीकडे राहायला आली, आणि तिची पेन्शन याच फंडातून यायची. त्यामुळे फंडाच्या कारभारात लक्ष घालणं हा ती आपला हक्क समजत असे.

"आमच्या ग्रुपवर सगळ्या म्हणतायत विकून टाका," आत्या म्हणाली. "पेन्शन वाढेल. तुझं काय मत?"

"मत अजून झालं नाही. मोजतेय."

"भाव नव्वद, देणारा देतोय एकशेवीस. यात मोजायचं काय असतं गं?"

"हे बघ आत्या, एखाद्या नर्सचं काम कसं आहे ते ठरवायचं असेल, तर तू तिची एकच ड्यूटी बघशील?"

"छे! एखाद्या दिवशी कुणाचंही डोकं ठिकाणावर नसतं. निदान वर्षभर तरी बघेन."

"तसंच कंपनीचं. गेल्या वर्षीचा नफा म्हणजे एक ड्यूटी. मी दहा वर्षांचा बघतेय. त्यात चांगले दिवस येतील, वाईटही येतील. सरासरी काढली की कंपनीची खरी ताकद कळेल."

"मग काढ. दहा आकडे मिळवायचे, दहाने भागायचं. त्याला एवढा पसारा कशाला?"

"कारण दहा वर्षांपूर्वीचा पैसा म्हणजे आजचा पैसा नाही. तुझे ते पांढरे बूट, जे तू अजून फिरायला घालतेस, ते तेव्हा कितीला घेतले होतेस?"

आत्याला विचार करावा लागला नाही. "पाचशे. आणि परवा तेच घ्यायला गेले तर नऊशे! तोच तळवा, तीच नाडी. दुकानदाराशी भांडून आले."

"म्हणजे तेव्हाचा एक आजचा एक पूर्णांक आठ. सरकारी महागाईचा तक्ताही हेच सांगतो, बघ." तिने तक्ता पुढे सरकवला. "तेव्हा कंपनीने शेअरमागे साडेपंधरा मिळवले. तो आकडा तसाच धरला तर तिच्यावर अन्याय होतो. आजच्या पैशात ते झाले जवळजवळ अठ्ठावीस."

आत्या खुर्ची ओढत जवळ आली. मग दोघी मिळून बसल्या. आत्या तक्त्यातला आकडा वाचायची, ही गुणाकार करायची. दहाही वर्षं आजच्या पैशात उतरली, बेरीज झाली, भागाकार झाला, आणि तिने पेन टेबलावर आपटलं.

"साडेसतरा!"

"हे बरं आहे का?" आत्याने विचारलं.

"बरं? आत्या, सगळे म्हणतायत चाराला तीसपट देतायत. पण ही कंपनी वर्षाला साडेसतरा मिळवणारी आहे! म्हणजे ते सातपटसुद्धा देत नाहीयेत. फुकट उचलून नेतायत!" ती उठून खोलीभर फेऱ्या मारायला लागली. "फुकट!"

नवरा कट्ट्यावरून म्हणाला, "मग गेल्या वर्षी चारच का मिळवले?"

"वाईट वर्ष होतं," ती म्हणाली. त्या क्षणी तिला तेवढं उत्तर पुरेसं वाटलं.

*

सोमवारी साहेबांनी कागद दोनदा वाचला. ती समोर उभी होती. बसवतच नव्हतं. साहेबांनी बोट एका जागी ठेवलं.

"इथे बघ. चौथ्या वर्षी सव्वीस, पाचव्या वर्षी बारा. नफा एका वर्षात निम्म्याहून खाली आला. का?"

"मंदी असेल."

"असेल, की होती?"

ती तशीच आपल्या टेबलाशी आली आणि पाचव्या वर्षाचा अहवाल काढला. विक्री तेवढीच होती. एकूण नफाही जवळजवळ तेवढाच. मग शेअरमागे निम्मा कसा? ती पानं उलटत गेली, आणि एका तळटीपेवर थांबली. त्या वर्षी कंपनीने प्रत्येक शेअरला एक बोनस शेअर दिला होता. शेअर दुप्पट झाले होते. तीच पोळी आठाऐवजी सोळा तुकड्यांत कापली होती, आणि ही आपली जुने मोठे तुकडे नव्या छोट्या तुकड्यांत मिसळून सरासरी काढत बसली होती.

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पहिल्या चार वर्षांचे आकडे तिने निम्मे केले. अठ्ठावीसचे चौदा, सव्वीसचे तेरा. परत बेरीज, परत भागाकार. साडेसतरा गेले, आले बरोब्बर बारा.

ती साहेबांच्या दारात जाऊन उभी राहिली. "साहेब, मी घोडचूक केली होती. बोनस धरलाच नव्हता. सरासरी साडेसतरा नाही. बारा आहे."

"मग?"

"मग..." आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं. "मग एकशेवीस म्हणजे दहापट! सातपट नाही, पण तीसपटही नाही. साहेब, तरीही स्वस्तच मागतायत!"

साहेबांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यांच्या मानाने ते हसूच होतं. "आता तुझ्या आकड्यावर विश्वास ठेवता येईल. पण विश्वस्तांमध्ये वकील आहेत. ते विचारतील, मागच्या दहा वर्षांत मिळवलं ते पुढे मिळेल कशावरून? हे चार म्हणजे वाईट वर्ष, की शेवटाची सुरुवात? त्याचं उत्तर कागदात नाही."

"मग कुठे आहे?"

"कारखान्यात. आठ टक्क्यांचे मालक आहोत आपण. फोन कर, आणि उद्याच जा."

*

कारखाना शहराबाहेर, नदीच्या कडेला होता. फाटकातून आत शिरताच तिला एक गोष्ट खटकली: शांतता. बाटल्यांच्या कारखान्यात एवढी शांतता? लांबलचक पट्टे थांबलेले, साचे तेल लावून ओळीने झाकून ठेवलेले. शेवटाची सुरुवात म्हणतात ती हीच की काय?

भट्टीविभागाचे प्रमुख तिला न्यायला आले. जाडजूड देह, भुवया अर्ध्या जळलेल्या, आणि आवाज असा की यंत्रांवरून ओरडायची सवय शांततेतही सुटलेली नव्हती. सगळे त्यांना 'भट्टीमास्तर' म्हणत.

"या या! बरोबर वेळेला आलात!" ते गरजले. "पाहुणीचा मान घ्या. हे टोपडं घाला, हा चष्मा लावा आणि माझ्या मागे चला. मी थांबेन तिथे थांबायचं."

"काम का बंद आहे?" तिने चालता चालता विचारलं.

"बंद? अहो, बाळंतपण चाललंय!" त्यांनी एक जड दार ढकललं.

आत भट्टी होती. तिने आजवर भट्टी म्हणजे मोठी चूल समजली होती. ही तर घराएवढी होती, नव्याकोऱ्या विटांची. बाजूच्या छोट्या भोकातून आत नारिंगी उजेड थरथरत होता. दहा पावलांवरूनही गालाला धग लागत होती.

"नवी आहे," भट्टीमास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "जुनी अकरा वर्षं चालली. एक दिवस विझली नाही. काचेची भट्टी विझवता येत नाही, बाई. विझली की आतली काच गोठते, विटा तडकतात. पेटवली की पेटलेलीच. पण आतल्या विटा काच रोज थोड्या थोड्या खाते. मग दहा-अकरा वर्षांनी विझवायची, सगळी उकलायची, नवी बांधायची. महिनोन् महिने एक बाटली निघत नाही, आणि खर्च मात्र राक्षसासारखा. गेलं वर्ष सगळं त्यातच गेलं. आता हळूहळू तापवतोय. घाई केली तर तडा जातो. पुढच्या आठवड्यात पहिली काच वितळेल."

तिने त्यांच्याकडे बघितलं. "म्हणजे असं वर्ष..."

"दर दहा-अकरा वर्षांनी येतंच. माझ्या नोकरीतलं हे दुसरं."

तिला एकदम नाचावंसं वाटलं. अहवालात ही गोष्ट होती. 'भट्टीची पुनर्बांधणी' असं एका ओळीत लिहिलेलं तिने वाचलंही होतं. पण त्या दोन शब्दांच्या पोटात एवढं मोठं वर्ष असेल, हे तिला कळलं नव्हतं. भट्टीचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं, आणि तिची सरासरीही दहा वर्षांची! नऊ वर्षं पेटलेल्या भट्टीची, एक थंड भट्टीचं. चार हा कंपनीचा नफा नव्हता, तसा चौदाही नव्हता. कंपनी म्हणजे ही अख्खी फेरी होती. आणि विकत घेणाऱ्याने नेमका मुहूर्त गाठला होता: जुना खर्च होऊन गेलाय, नवी भट्टी तयार आहे, आणि भाव मात्र अजून थंडीने काकडतोय.

"बाई, काय झालं? चक्कर आली का? उष्णतेने होतं कधीकधी."

"नाही हो!" ती जवळजवळ भट्टीमास्तरांच्याच आवाजात ओरडली. "एकदम मस्त वाटतंय!"

मग तिने तो अवघड प्रश्नही विचारला. "प्लास्टिकमुळे गिऱ्हाईक गेलं असेल ना?"

"गेलं. दूधवाले गेले, सरबतवाले बरेचसे गेले," भट्टीमास्तरांनी सरळ सांगून टाकलं. "औषधवाले राहिले, अत्तरवाले वाढले. लोणच्या-मुरंब्यांचे परत यायला लागलेत. खोटं कशाला बोलू, पूर्वीसारखं राज्य नाही. पण घर चालतंय."

तिने ते तसंच लिहून घेतलं. परतीच्या बसमध्ये तिने साहेबांना फोन लावला आणि इतक्या भराभर बोलली की शेवटी साहेब म्हणाले, "श्वास घे. मग पहिल्यापासून सांग."

*

गुरुवारच्या बैठकीला पाच विश्वस्त होते: तीन निवृत्त नर्सेस, एक वकील, एक हिशेबतपासनीस. अध्यक्षस्थानी मोठ्या सिस्टर. वयाची पंच्याहत्तरी उलटलेली, पण पाठ ताठ आणि नजर अशी की वकीलसुद्धा फोन उपडा ठेवून बसायचे.

तिने दहा वर्षांचे दहा आकडे फळ्यावर लिहिले, सगळे आजच्या पैशात. बारा कसे आले ते सांगितलं. आपली बोनसची चूकही सांगितली. नाहीतर हिशेबतपासनीसांनी ती शोधलीच असती. भट्टीचं सांगताना तिचे हात आपोआप हवेत भट्टी बांधायला लागले.

वकील खाकरले. "हे सगळं झालं मागचं. जग प्लास्टिककडे चाललंय. आरशात मागे बघून गाडी चालवायची का?"

"नाही साहेब. म्हणूनच हा उतार बघा." तिने बोट फिरवलं. "सुरुवातीची चार वर्षं चौदाच्या आसपास, नंतरची बाराच्या आसपास. कंपनी हळूहळू उतरतेय, हे मी नाकारत नाही. अशा धंद्याला एरवी सरासरी नफ्याच्या पंधरापट मिळतात. मी तेराच धरतेय. तेरा बारे एकशेछप्पन्न. ते देतायत एकशेवीस."

"आणि आपण नाही म्हटलं, व्यवहार फिसकटला, भाव पुन्हा नव्वदला आला, तर?"

"येईल," ती म्हणाली. "कदाचित नव्वदच्याही खाली जाईल. काही दिवस सगळे मला शिव्या घालतील. घरापासून सुरुवात होईल."

मोठ्या सिस्टरांच्या ओठांचा कोपरा हलला. "घरी कोण?"

"माझी आत्या. तुमच्याच हाताखाली होती, सर्जिकल वॉर्डात."

"ती होय? मग शिव्या जपून खा." खोलीत हशा पिकला. मोठ्या सिस्टर मात्र फळ्याकडे बघत राहिल्या. "मी एवढी वर्षं रोग्यांचे तक्ते बघितले. ताप उतरायला लागल्यावर रोग्याला स्मशानात पोचवायची घाई करणारे नातेवाईकही बघितले. माझं मत: विकायचे नाहीत."

हात वर झाले. तीन विरुद्ध दोन. विकायचे नाहीत.

*

शुक्रवारी संध्याकाळी ऑफर संपायची होती. चार टेबलांवर कुणी काम केलं नाही. सहकारी दर थोड्या वेळाने भाव ओरडून सांगत होता: एकशेदहा, एकशेचार, अठ्ठ्याण्णव. व्यवहार होईल यावरचा बाजाराचा विश्वास उडत चालला होता. दिवस संपताना बातमी आली. खरेदीदाराला सत्तेचाळीस टक्के मिळाले होते. निम्म्याला थोडे कमी.

"आपले आठ असते तर झालं असतं," सहकारी हळूच म्हणाला. मग सगळ्यांना एकदमच कळलं आणि सगळे एकदम बोलायला लागले. म्हणजे आता खरेदीदाराला त्यांची गरज होती! आठ टक्क्यांशिवाय त्याचं पान हलणार नव्हतं!

शनिवार-रविवार आत्या तिच्याशी कामापुरतंच बोलली. "मीठ दे. दार लाव." सोमवारी भाव ब्याऐंशी झाला. ग्रुपवर कुणीतरी विचारलं की फंड लहान मुलांच्या हातात कुणी दिला, आणि आत्याने ते भाचीला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने घास तसाच ताटात ठेवला. आपला आकडा बरोबर आहे हे तिला माहीत होतं, पण आकडा बरोबर असून माणूस चुकीच्या वेळी बरोबर असू शकतो, हे तिला त्या तीन दिवसांत चांगलंच कळलं.

बुधवारी दुपारी साहेब स्वतः खोलीत आले. चष्मा हातात होता, आणि ते तो पुसत नव्हते.

"खरेदीदार नवी मुदत घेऊन परत आलाय," ते म्हणाले. "आणि भाव एकशेअठ्ठेचाळीस केला."

सहकाऱ्याने खुर्चीसकट तिच्याभोवती चक्कर मारली, कुणीतरी टेबलावर ताल धरला, आणि ती किंचाळली, अगदी शाळकरी पोरीसारखी. मग तोंडावर हात ठेवून साहेबांकडे बघितलं.

"किंचाळ," साहेब म्हणाले. "आज चालेल."

पण नंतर विश्वस्तांसमोर ती पुन्हा आडवी आली. "एकशेछप्पन्नला अजून आठ कमी आहेत! थांबू या!" यावेळी मोठ्या सिस्टरांनी मान हलवली. "बाळ, तुझी तेरापटही अंदाजच आहे. अंदाज बरोबर निघाला म्हणून त्याच्या प्रेमात पडू नकोस. निम्मे देऊ, निम्मे ठेवू." वकिलांनाही ते पटलं. चार टक्के विकले, आणि तेवढ्यावर खरेदीदाराचे निम्म्याच्या किंचित वर झाले. उरलेल्या चार टक्क्यांसाठी ती संध्याकाळपर्यंत हिशेबतपासनीसांशी तावातावाने भांडत होती: विकले ते चूक, की ठेवले ते चूक? दोघांनाही त्यात एवढी मजा येत होती की शेवटी शिपायाने दिवे घालवायला सुरुवात केली.

ती घरी पोचली तेव्हा आत्या दारातच उभी होती. बातमी ग्रुपवर आधीच पोचली होती.

"एकशेअठ्ठेचाळीस!" आत्याने तिचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले. "अगं, मोठ्या सिस्टरांचा मला फोन आला! एवढ्या वर्षांनी! म्हणाल्या, तुझी भाची बोलताना हात फार हलवते. मी म्हटलं, घराण्याचंच आहे."

"तुला तर एकशेवीसलाच विकायचे होते."

"हो, मग? मला आजही सगळेच विकायचे होते. निम्मे कशाला ठेवलेत?" आत्या तिच्या मागोमाग आत येत म्हणाली. "बस. हातपाय नंतर धू. मला आधी नीट समजावून सांग."

तिने खुर्ची ओढली, आणि बसायच्या आधीच तिचे हात बोलायला लागले.